वाहन विम्यातील नाकारलेल्या प्रस्तावाची माहिती देण्याचे कर्तव्य

वाहन विम्यातील नाकारलेल्या प्रस्तावाची माहिती देण्याचे कर्तव्य म्हणजे एखाद्या विमा कंपनीने पूर्वी विमा देण्यास नकार दिला असल्यास, दुसऱ्या कंपनीकडे विमा घेताना तो नकार कळवण्याची वाहनमालकावरील जबाबदारी होय. भारतात या जबाबदारीसाठी स्वतंत्र कायदा किंवा कलम नाही. विमा करारातील परम सद्भावनेचे तत्त्व, प्रस्ताव फॉर्ममधील प्रश्न आणि न्यायालयांचे निर्णय या तिन्हींतून तिचे स्वरूप ठरते.

सर्वसाधारण नियम असा आहे की, फॉर्ममध्ये पूर्वीच्या नकाराविषयी प्रश्न विचारलेला असेल आणि घडलेली घटना त्या प्रश्नाच्या शब्दांत बसत असेल, तर ती सांगणे बंधनकारक असते. केवळ कोटेशन मागणे, ते न आवडल्याने सोडून देणे किंवा संकेतस्थळावर दर न दिसणे म्हणजे प्रस्ताव नाकारला जाणे नव्हे. नकाराची माहिती दडवल्याचा परिणाम बहुधा विमा घेताना दिसत नाही. तो अपघात, चोरी किंवा पुरानंतर भरपाई मागताना समोर येतो.

संज्ञा

कोटेशन, प्रस्ताव आणि पॉलिसी हे शब्द व्यवहारात एकमेकांऐवजी वापरले जात असले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत.

कोटेशन म्हणजे दिलेल्या प्राथमिक माहितीवरून कंपनीने, एजंटाने किंवा संकेतस्थळाने सांगितलेला हप्त्याचा अंदाज. वाहनाचा नोंदणी क्रमांक, मॉडेल, खरेदीचे वर्ष आणि मागील पॉलिसीची मुदत एवढ्यावर तो काढला जातो. या टप्प्यावर सहसा कोणीही कोणाशी बांधलेले नसते.

प्रस्ताव म्हणजे विमा मिळावा म्हणून वाहनमालकाने सही करून किंवा ऑनलाइन संमती देऊन कंपनीकडे केलेली मागणी. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार प्रस्ताव स्वीकारला गेल्याशिवाय करार होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये आयुर्विमा महामंडळ विरुद्ध राजा वासिरेड्डी कोमलवल्ली कांबा या प्रकरणात कंपनीचे मौन म्हणजे स्वीकृती नव्हे असे स्पष्ट केले. त्यासोबत विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४व्हीबी नुसार हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय किंवा त्याची विहित हमी मिळाल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही.

नकार म्हणजे प्रस्ताव विचारात घेऊन तो न स्वीकारण्याचा कंपनीचा निर्णय. नूतनीकरणास नकार, चालू पॉलिसी रद्द करणे, जादा हप्ता मागणे आणि विशेष अटी घालणे हे याच्या जवळचे, पण वेगळे निर्णय आहेत. दावा फेटाळला जाणे ही आणखी वेगळी बाब आहे. त्याविषयीचा प्रश्न फॉर्ममध्ये मागील दाव्यांच्या रकान्यात येतो.

कायदेशीर पाया

विमा करारात जोखमीची बहुतेक माहिती विमा घेणाऱ्याजवळ असते. कंपनीला ती त्याच्याकडूनच मिळवावी लागते. त्यामुळे दोन्ही पक्षांनी परस्परांशी पूर्ण प्रामाणिकपणे वागावे, ही अपेक्षा सर्वसाधारण करारांपेक्षा येथे अधिक कडक आहे. या तत्त्वाची सुरुवातीची ठळक मांडणी इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ मध्ये कार्टर विरुद्ध बोह्म या प्रकरणात केली. तो वाद सुमात्रा बेटावरील फोर्ट मार्लबरो या किल्ल्याच्या विम्याविषयी होता. कंपनीला जी गोष्ट ठाऊक आहे किंवा ठाऊक असायला हवी, ती न सांगितल्याबद्दल विमा घेणाऱ्याला दोष देता येत नाही, हेही त्याच निकालात सांगितले गेले.

भारतात हे तत्त्व सागरी विमा कायदा, १९६३ च्या कलम १९ आणि २० मध्ये लेखी स्वरूपात आले. विवेकी विमाकर्त्याच्या हप्ता ठरवण्याच्या किंवा जोखीम स्वीकारण्याच्या निर्णयावर प्रभाव पाडू शकणारी प्रत्येक बाब महत्त्वाची मानली जाते, आणि ती करार पूर्ण होण्यापूर्वी सांगावी लागते. हा कायदा सागरी विम्याचा असला, तरी त्यातील व्याख्या इतर विमा प्रकारांतही मार्गदर्शक मानली जाते. जोखीम कमी करणारी, कंपनीला आधीच माहीत असलेली किंवा कंपनीने स्वतःहून सोडून दिलेली माहिती न विचारता सांगण्याची गरज नाही, असेही कलम २० सांगते.

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २००२ मध्ये पॉलिसीधारकांच्या हितसंरक्षणाचे विनियम केले. त्यानंतर २०१७ आणि २०२४ मध्ये नवे विनियम आले. जोखमीच्या मूल्यमापनाच्या दृष्टीने आवश्यक आणि संबंधित असलेली सर्व माहिती महत्त्वाची होय, अशी व्याख्या २००२ च्या विनियमांत होती. २००९ मध्ये सतवंत कौर संधू विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिचा आधार घेतला. ते प्रकरण आरोग्य विम्याचे होते, पण निकालातील तत्त्व वाहन विम्यालाही लागू पडते.

आयुर्विम्यासाठी विमा कायद्याच्या कलम ४५ चे विशेष संरक्षण आहे. पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर ती कोणत्याही कारणाने आव्हानित करता येत नाही. हे संरक्षण वाहन विम्याला नाही. वाहन पॉलिसी सामान्यतः दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. त्यामुळे फॉर्ममधील उत्तराचा प्रश्नही प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो.

पूर्वीचा नकार महत्त्वाचा का मानला जातो

एका कंपनीने नकार दिला म्हणून दुसरीनेही द्यावा, असा नियम नाही. १ जानेवारी २००७ पासून भारतात स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्याचे, म्हणजे ओन डॅमेज विम्याचे, दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळाले. तेव्हापासून एकाच वाहनाबद्दल निरनिराळ्या कंपन्या निरनिराळा निर्णय घेऊ शकतात.

नकाराचे महत्त्व त्यामागील कारणात असते. वाहन फार जुने आहे, पाहणीत मोठे नुकसान आढळले, खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवली जाते, इंजिन किंवा इंधनप्रणालीत नोंद न केलेले बदल आहेत, पूर्वी वारंवार दावे झाले आहेत किंवा आधीच्या फॉर्ममध्ये चुकीची माहिती दिली गेली होती, अशी कारणे त्यामागे असू शकतात. पूर्वीच्या नकाराची माहिती मिळाल्यास नवी कंपनी कारण विचारू शकते. ती दडवल्यास तिची ही चौकशीची संधी जाते.

नकार वाहनाला चिकटतो की व्यक्तीला, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधील लॉकर अँड वूल्फ या १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकरणात आगीच्या विम्यासाठी प्रस्ताव दिला होता. विमा पूर्वी नाकारला गेला आहे का, या प्रश्नाला नकारार्थी उत्तर देण्यात आले. प्रत्यक्षात त्याच व्यावसायिकांचा वाहन विम्याचा प्रस्ताव दुसऱ्या कंपनीने नाकारला होता. आगीचा आणि वाहनाचा विमा भिन्न असूनही न्यायालयाने कंपनीची बाजू मान्य केली, कारण तो नकार प्रस्तावकाच्या विश्वासार्हतेशी निगडित मानला गेला. प्रश्न ‘या वाहनाचा विमा’ असा आहे की ‘तुमचा कोणताही विमा’ असा, हे नीट वाचणे यासाठी आवश्यक ठरते.

माहिती केव्हा द्यावी लागते

प्रश्न विचारलेला असल्यास

अनेक कंपन्यांच्या वाहन विमा फॉर्ममध्ये कोणत्याही कंपनीने पूर्वी प्रस्ताव नाकारला आहे का, पॉलिसी रद्द केली आहे का, नूतनीकरण नाकारले आहे का, अथवा जादा हप्ता किंवा विशेष अटी घातल्या आहेत का, असे प्रश्न असतात. प्रश्न स्पष्ट असल्यास उत्तरही स्पष्ट द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया या ६ डिसेंबर २०२१ च्या निकालात हेच सांगितले. कोणती बाब महत्त्वाची, हे विम्याचा प्रकार, जोखीम आणि फॉर्ममधील प्रश्न यांवर अवलंबून असते, असे त्यात म्हटले आहे.

प्रश्नात ‘कधीही’ हा शब्द असल्यास जुना नकारही त्यात येतो. ‘गेल्या तीन वर्षांत’ अशी मर्यादा असल्यास त्यापूर्वीचा नकार सांगावा लागत नाही. प्रश्न फक्त नकाराविषयी असल्यास जादा हप्त्याने मिळालेली पॉलिसी त्यात मोडत नाही. मात्र जादा हप्त्याचाही उल्लेख असल्यास ती सांगावी लागते.

रकाना रिकामा राहिल्यास

एखादा रकाना कोरा असताना कंपनीने तो भरून घेतला नाही आणि हप्ता स्वीकारून पॉलिसी दिली, तर पुढे दाव्याच्या वेळी त्याच मुद्द्यावर माहिती दडवल्याचा आरोप तिला करता येत नाही, असे मनमोहन नंदा प्रकरणात ठरले. रकाना कोरा असणे आणि त्यात ‘नाही’ असे लिहिणे या दोन गोष्टी मात्र एकसारख्या नाहीत. चुकीचे ‘नाही’ हे असत्य विधान ठरू शकते.

प्रश्नच नसल्यास

फॉर्ममध्ये पूर्वीच्या नकाराचा प्रश्न नसेल, तर केवळ नकार न सांगितल्यामुळे विमा रद्द ठरवणे कंपनीला कठीण जाते. तरी नकाराचे मूळ कारण वेगळ्या प्रश्नात विचारलेले असू शकते. गाडीचा वापर, बदललेले भाग, गॅस किट किंवा मागील दावे यांविषयीच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीच लागतात.

प्रस्ताव दिल्यानंतरचा नकार

प्रस्ताव दिल्यापासून पॉलिसी मिळेपर्यंतच्या काळात दुसऱ्या कंपनीचा नकार आला, तर तो सांगणे योग्य मानले जाते, कारण कर्तव्य करार पूर्ण होईपर्यंत चालू असते. करार पूर्ण झाल्यानंतर मिळालेला नकार चालू पॉलिसीसाठी सहसा कळवावा लागत नाही. पुढील नूतनीकरणाच्या वेळी प्रश्न विचारला गेल्यास त्याचा उल्लेख करावा लागतो.

काय नकार ठरते आणि काय नाही

सामान्यतः पुढील घटना नकार ठरत नाहीत :

• मालकाने कोटेशन महाग वाटल्याने सोडून देणे किंवा त्याची मुदत संपणे.
• संकेतस्थळावर त्या मॉडेलचा दर उपलब्ध नसणे किंवा तांत्रिक अडचणीने व्यवहार अपुरा राहणे.
• ‘अमुक कंपनी पंधरा वर्षांहून जुन्या गाड्या घेत नाही’ असे एजंटाने प्रस्ताव देण्यापूर्वीच सांगणे.
• पाहणीची वेळ ठरवूनही मालकाने गाडी न दाखवल्याने प्रस्ताव पुढे न जाणे.
• कंपनीने तो विमा प्रकारच बंद करणे.

पुढील घटना सामान्यतः नकार किंवा त्यासारखा निर्णय ठरतात :

• पूर्ण भरलेला प्रस्ताव कंपनीने पत्र, ईमेल किंवा संदेश पाठवून नाकारणे व हप्ता परत करणे.
• पॉलिसी खंडित झाल्यानंतरच्या पाहणीचा अहवाल पाहून विमा न देणे.
• चालू पॉलिसी चुकीच्या माहितीच्या कारणावरून रद्द करणे.
• दाव्यांच्या इतिहासामुळे नूतनीकरण न करणे.

काही घटना सीमारेषेवर असतात. सर्व तपशील भरल्यावर संगणकीय प्रणालीने आपोआप ‘विमा देता येत नाही’ असा संदेश दाखवला, तर ते कोटेशन न मिळणे की प्रस्तावाचा नकार, यावर मतभेद होऊ शकतो. हप्त्याचा धनादेश न वटल्याने रद्द झालेली पॉलिसी हा जोखमीविषयीचा नकार नव्हे, परंतु फॉर्ममध्ये ‘पॉलिसी कधी रद्द झाली आहे का’ असे विचारल्यास ती त्या शब्दांत बसते. अशा प्रसंगी ‘होय’ लिहून तारीख, कंपनी आणि कारण एका ओळीत नमूद केल्यास पुढील वाद टळतो. नकार कळवल्यामुळे विमा मिळणारच नाही, असे नाही. कंपनी कारण तपासून नेहमीच्या किंवा थोड्या जादा हप्त्यात विमा देऊ शकते.

दाव्यावरील परिणाम

स्वतःच्या वाहनाचे नुकसान

ओन डॅमेज विभागात चुकीच्या उत्तराचा फटका थेट मालकाला बसतो. महत्त्वाची माहिती दडवल्याचे सिद्ध झाल्यास कंपनी दावा फेटाळू शकते किंवा करारच रद्द ठरवू शकते. गाडी कर्जावर घेतलेली असल्यास भरपाई न मिळताही कर्जाचे हप्ते चालूच राहतात.

पॉलिसीतील अटीचा भंग ही याहून निराळी गोष्ट आहे. खासगी गाडी भाड्याने वापरल्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने नितीन खंडेलवाल (२००८) आणि अमलेंदु साहू (२०१०) या निकालांत संपूर्ण दावा नाकारण्याऐवजी ७५ टक्के रक्कम देण्याचा मार्ग स्वीकारला. हा मार्ग अटभंगासाठी वापरला गेला. विमा घेतानाच असत्य उत्तर दिलेले असल्यास तोच लाभ मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

नो क्लेम बोनसचे चुकीचे विधान हा याला समांतर विषय आहे. दावा न केलेल्या वर्षांनुसार ओन डॅमेज हप्त्यात २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. ती मागताना मागील वर्षी दावा नव्हता, असे मालक लिहून देतो. २००२ च्या मोटार टॅरिफनुसार नव्या कंपनीने मागील कंपनीकडून २१ दिवसांत खातरजमा करून घेणे अपेक्षित होते. ती न केल्याचा परिणाम काय, यावर ग्राहक आयोगांचे निर्णय एकसारखे नाहीत.

तृतीय पक्षाची भरपाई

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवण्यासाठी थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. अपघातात जखमी झालेल्याचे किंवा मृताच्या वारसांचे हक्क मालकाने फॉर्ममध्ये काय लिहिले, यावर सहजासहजी अवलंबून ठेवता येत नाहीत. तरीही महत्त्वाची माहिती न सांगता किंवा असत्य विधान करून पॉलिसी मिळवली, हा बचाव कायद्याने कंपनीला दिलेला आहे. तो पूर्वी कलम १४९ मध्ये होता. २०१९ च्या दुरुस्तीने पुनर्रचित झालेली आणि १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेली तरतूद कलम १५० मध्ये आहे. १९३९ च्या जुन्या कायद्यातही असाच बचाव होता.

कंपनीला हा बचाव मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावा लागतो. चालक परवान्यासंबंधीच्या स्वर्ण सिंग (२००४) प्रकरणानंतर, कंपनीने आधी पीडिताला रक्कम द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश अनेक प्रकरणांत दिले गेले आहेत. असा आदेश झाल्यास पीडिताला पैसे मिळतात, पण अखेरचा भार मालकाच्या मिळकतीवर पडू शकतो.

थर्ड पार्टी विमा नाकारला जाणे

सक्तीच्या विम्याला कंपन्यांनी नकार दिल्यास मालक कायदा पाळू शकत नाही. त्यामुळे नियामकाने थर्ड पार्टी विमा टाळू नये, असे कंपन्यांना वेळोवेळी बजावले आहे. २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्यात आलेले कलम ३२डी कंपन्यांवर या व्यवसायाचा किमान वाटा उचलण्याचे बंधन घालते. व्यावसायिक वाहनांच्या थर्ड पार्टी जोखमीसाठी २००७ ते २०१२ या काळात सर्व कंपन्यांची सामाईक व्यवस्था होती. ती संपल्यावर १ एप्रिल २०१२ पासून कंपन्यांनी नाकारलेल्या जोखमींसाठी स्वतंत्र पूल काही वर्षे चालवण्यात आला.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा व नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घेणे आवश्यक झाले. ओन डॅमेज विमा मात्र स्वतंत्रपणे, दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येतो. म्हणून थर्ड पार्टी विमा चालू असताना ओन डॅमेजचा प्रस्ताव नाकारला जाणे शक्य असते. हा नकारही पुढील फॉर्ममधील प्रश्नाच्या कक्षेत येऊ शकतो.

पुराव्याचा भार

माहिती दडवली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते. सर्वोच्च न्यायालयाने महाकाली सुजाता प्रकरणात १० एप्रिल २०२४ रोजी आयुर्विम्याच्या संदर्भात याचा पुनरुच्चार केला. फॉर्ममधील प्रश्न संदिग्ध असेल, तर त्याचा अर्थ तो तयार करणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावला जातो, हेही त्यात नमूद आहे.

दूरध्वनीवर किंवा फॉर्मशिवाय घेतलेल्या विम्याबाबत २००२ च्या विनियमांत विशेष तरतूद होती. कंपनीने तोंडी मिळालेली माहिती नोंदवून १५ दिवसांत प्रस्तावकाकडून तिची खात्री करून घ्यावी. नोंद नसलेली माहिती दडवली गेली, असे म्हणायचे असल्यास ते कंपनीने सिद्ध करावे. स्वीकारलेल्या प्रस्तावाची प्रत ३० दिवसांत विनामूल्य देण्याची तरतूदही त्यात होती. ही प्रत मालकाच्या दृष्टीने फार महत्त्वाची असते, कारण आपल्या नावाने नेमके काय लिहिले गेले, हे तिच्यावरूनच समजते.

फॉर्मची भाषा आणि एजंटाची भूमिका

बरेचसे प्रस्ताव एजंट, वाहन विक्रेता किंवा दलाल यांच्यामार्फत भरले जातात. मालक सही करतो किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी सांगतो, आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ची निवड दुसऱ्याकडून होते. रिलायन्स लाइफ विरुद्ध रेखाबेन राठोड या २४ एप्रिल २०१९ च्या निकालात, फॉर्म न वाचता सही केली किंवा तो दुसऱ्याने भरला, या कारणाने प्रस्तावकाची जबाबदारी संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. ते प्रकरण आयुर्विम्याचे होते.

फॉर्मची भाषा प्रस्तावकाला कळत नसल्यास त्यातील मजकूर व त्याचे महत्त्व समजावून सांगितल्याचे प्रमाणपत्र फॉर्मच्या शेवटी घेण्याची व्यवस्था विनियमांत करण्यात आली होती. मराठी भाषकासाठी हा रकाना औपचारिक नाही. इंग्रजी फॉर्ममधील नकाराचा प्रश्न आपल्याला समजावला गेला होता की नाही, हे पुढे त्यावरून ठरू शकते.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात

सिंधुदुर्ग हा १९८१ मध्ये अस्तित्वात आलेला आणि १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेला जिल्हा आहे. येथील वाहनांचा नोंदणी संकेत एमएच-०७ आहे. गोव्याची सीमा लागून असल्याने नोकरी व व्यवसायानिमित्त दोन्ही बाजूंनी वाहनांची ये-जा असते. महाराष्ट्र आणि गोवा यांची परिवहन प्रशासने वेगळी असली, तरी विम्याचा कायदा एकच आहे. गोव्यातील शाखेने दिलेला नकार महाराष्ट्रातील फॉर्ममध्येही नकारच असतो.

पुढील उदाहरणे काल्पनिक असून केवळ नियम समजण्यासाठी दिली आहेत. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी हे मुंबई–गोवा महामार्गालगतचे, चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव त्यासाठी घेतले आहे.

पहिले उदाहरण : पिंगुळीतील एका मालकाने तीन संकेतस्थळांवर कोटेशन पाहिले. एकावर दर दिसला नाही, दुसरे महाग वाटले आणि तिसऱ्याकडून त्याने विमा घेतला. येथे एकही प्रस्ताव नाकारला गेला नाही. ‘नाही’ हे उत्तर बरोबर आहे.

दुसरे उदाहरण : पावसाळ्यात मालकाच्या गाडीचा विमा खंडित झाला. पाहणीत खालच्या भागाला गंज आणि काचेला तडा आढळला. कंपनीने प्रस्ताव नाकारून हप्ता परत केला. मालकाने काच बदलली व गंज काढला आणि दुसऱ्या कंपनीकडे प्रस्ताव दिला. दोष दूर झाला असला, तरी पूर्वीचा नकार झालेलाच आहे. ‘होय, पाहणीतील दोषांमुळे, दुरुस्ती केली आहे’ असे उत्तर येथे योग्य ठरते.

तिसरे उदाहरण : खासगी नोंदणीची गाडी मालवण आणि तारकर्लीला येणाऱ्या पर्यटकांना भाड्याने दिली जाते, हे लक्षात आल्यावर एका कंपनीने नूतनीकरण केले नाही. मालकाने नव्या कंपनीला वापर ‘वैयक्तिक’ असल्याचे सांगितले आणि नकाराच्या प्रश्नाला ‘नाही’ लिहिले. येथे दोन असत्य विधाने आहेत. गाडी पर्यटकांसह अपघातग्रस्त झाल्यास ती दोन्ही समोर येतील. यावर फॉर्ममधील खुलासा पुरेसा नाही. व्यावसायिक परवाना घेऊन त्याप्रमाणे विमा उतरवणे हाच उपाय आहे.

चौथे उदाहरण : एकाने जुनी गाडी विकत घेतली. आधीच्या मालकाचा प्रस्ताव पूर्वी नाकारला गेला होता, पण खरेदीदाराला ते ठाऊक नव्हते. जी गोष्ट त्याला माहीत नव्हती आणि सामान्य चौकशीत कळण्याजोगी नव्हती, ती न सांगितल्याचा दोष त्याच्यावर येत नाही. मात्र कलम १५७ खाली विम्याचे आपोआप होणारे हस्तांतरण तृतीय पक्षाच्या जोखमीपुरते असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपल्या नावावर करून घेणे त्याला आवश्यक असते. सर्वोच्च न्यायालयाने कम्प्लीट इन्सुलेशन्स प्रकरणात हा भेद स्पष्ट केला आहे.

तक्रार निवारण

नकाराची माहिती दडवली, या कारणाने दावा फेटाळला गेल्यास मालकाने प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. कंपनीने ती फेटाळल्यास किंवा एक महिन्यात उत्तर न दिल्यास, एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. या प्रक्रियेला शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही.

दुसरा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आहे. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करण्याची मुभा या कायद्याने दिली. त्यामुळे कंपनीचे मुख्यालय मुंबईत किंवा अन्यत्र असले, तरी पिंगुळीच्या रहिवाशाला सिंधुदुर्ग जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. नकाराचे मूळ पत्र किंवा संदेश, हप्ता परत मिळाल्याची नोंद, पाहणीचा अहवाल, भरलेल्या फॉर्मची प्रत आणि दावा फेटाळल्याचे पत्र ही अशा वादातील मुख्य कागदपत्रे होत.

इतर देशांतील स्थिती

ब्रिटनमध्ये वैयक्तिक विम्यासाठी न विचारता सर्व काही सांगण्याचे जुने कर्तव्य २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने संपुष्टात आणले. ६ एप्रिल २०१३ पासून विमा घेणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांना चुकीची उत्तरे जाणार नाहीत, याची वाजवी काळजी घ्यावी, एवढेच अपेक्षित आहे. चूक निष्काळजीपणाची असल्यास, खरी माहिती मिळाली असती तर कंपनीने काय केले असते, यावर परिणाम अवलंबून असतो. केवळ जादा हप्ता घेतला असता, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने चुकीची माहिती दिल्यास मात्र कंपनी करार रद्द ठरवू शकते. भारतातील वाहन विम्यात अशी प्रमाणबद्ध भरपाईची वैधानिक तरतूद नाही. त्यामुळे फॉर्ममधील एका चुकीच्या उत्तराने संपूर्ण दावा धोक्यात येण्याची शक्यता येथे अधिक राहते.